तुटक रेषेचं घर

आजीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि बाबांनी तिच्यासाठी मोठ्या पडद्याचा टॅब आणला. पहिल्याच दिवशी माझ्या धाकट्या भावानं त्यावर हैदराबादचा नकाशा उघडला, दोन बोटांनी मोठा केला आणि म्हणाला, "हे बघ आजी, तुझं गौलीगुडा." आजीनं चष्मा पुसला, नकाशा इकडेतिकडे सरकवून पाहिला आणि विचारलं, "इथं तर नुसते मोबाइलचे दुकानं आणि एटीएम आहेत रे. माणसं कुठं राहतात?"

धाकटा हसला. मलाही आधी हसूच आलं. पण रात्री तो प्रश्न डोक्यातून जाईना. मी गच्चीबावलीत नोकरी करते, राहते कुकटपल्लीत. नकाशा उघडल्याशिवाय माझा एक दिवस जात नाही. मला नकाशात फक्त लाल झालेले रस्ते दिसतात, कारण मी तेवढंच शोधत असते. आजी घर शोधत होती, आणि ते तिथं नव्हतं.

ते घर म्हणजे गौलीगुड्यातला वाडा. आजीचे वडील परभणीकडचे. वकिलीच्या निमित्तानं ते हैदराबादला आले, आधी भाड्यानं राहिले, मग तोच वाडा त्यांनी विकत घेतला. तेव्हा मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, म्हणजे ते परमुलखात आले नव्हते, आपल्याच राजधानीत आले होते. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यं झाली आणि जागचे न हलता आमचे लोक परप्रांतीय झाले! तुमच्यापैकी अनेकांच्या घरात हीच कथा असेल.

१९८३ मध्ये वाडा विकला. त्या व्यवहारावरून आजीचं आणि तिच्या धाकट्या भावाचं, म्हणजे आमच्या मामाआजोबांचं, काहीतरी बिनसलं. भांडण असं नाही, पण सणावाराला फोन आणि लग्नकार्यात नमस्कार, एवढ्यावर गोष्ट आली. मामाआजोबा नांदेडला, आजी इथं. गंमत म्हणजे वाडा नेमका कुठं होता याबद्दलही दोघांचं एकमत नाही. आजी म्हणते मारुतीच्या देवळाच्या गल्लीत, मामाआजोबा म्हणतात त्याच्या पुढच्या. चाळीस वर्षं मोकळेपणानं न बोलल्यामुळे वाडा दोघांच्या आठवणीत दोन वेगळ्या गल्ल्यांत जाऊन उभा राहिला होता.

आजीचं सहस्रचंद्रदर्शन सहा महिन्यांवर आलं होतं. मामाआजोबा येणार होते. धाकटा आणि मी ठरवलं, शाल-श्रीफळ बाकीचे देतील. आपण आजीला तिच्या हैदराबादचा नकाशा द्यायचा. ज्यात एटीएम नसतील.

आधी सडा, मग रांगोळी

आमच्या समोरच्या तेलुगू मावशी पहाटे दारात मुग्गू घालतात. आधी झाडून, पाणी शिंपून जमीन एकसारखी करतात, ती वाळू देतात, आणि मगच पांढरी रेघ ओढतात. नकाशाचं अगदी तसंच आहे, हे मला या कामात कळलं.

पडद्यावरचा नकाशा एकसंध चित्र वाटतो, पण तो थरांचा बनलेला असतो. अगदी वर अख्खं जग एका चौकोनात मावतं. एक पायरी आत गेलात की त्याचे चार चौकोन होतात, आणखी एक पायरी आत गेलात की सोळा. असं करत सोळाव्या-सतराव्या पायरीला आपण गल्लीत उतरतो. पूर्वी हे चौकोन रंगवलेली तयार चित्रं म्हणून यायचे. आता बऱ्याच नकाशांत फक्त माहिती येते, की हा रस्ता, ही नदी, ही इमारत, ही तिची नावं. रंग आणि जाडी आपल्या यंत्रावर भरली जाते. म्हणजे मुसी नदी निळी दाखवायची की करडी, उड्डाणपूल ठळक काढायचा की पुसट, दुकानं ठेवायची की पुसून टाकायची, हे ठरवणारी एक यादी कुठेतरी लिहिलेली असते. ती आपण स्वतः लिहिली की नकाशा आपला.

मूळ माहिती आम्ही ओपनस्ट्रीटमॅपची घेतली. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा लोकांनी मिळून काढलेला जगाचा नकाशा. कुणीही त्यात भर घालू शकतं आणि कुणीही तो वापरू शकतं. मुख्य अट अशी, की नकाशाच्या कोपऱ्यात त्यांचं श्रेय लिहायचं. त्यातून आम्ही पेट्रोल पंप, हॉटेलं, बँका, मॉल सगळं बंद केलं. रस्ते बारीक, राखाडी केले. रेल्वेची रेघ ठेवली, कारण आजीच्या आठवणींत काचीगुडा स्टेशन सारखं येतं. मुसी ठसठशीत निळी केली. बाकी जमीन फिक्या मातकट रंगाची. पहिल्यांदा हे पडद्यावर आलं तेव्हा धाकटा म्हणाला, "रिकामं रिकामं वाटतंय." वाटणारच. नुसता सडा घालून झाला होता.

चारमिनार बर्फात

आता रांगोळी. आजीच्या तोंडून येणाऱ्या जागांची आम्ही यादी केली. विवेकवर्धिनी, बडी चावडी, सुलतान बाजार, पुतळीबावली, अफझलगंज, जुना बसस्टँड, मराठी ग्रंथसंग्रहालय, आणि ओळख पटावी म्हणून चारमिनारसारख्या चार मोठ्या खुणा. प्रत्येक जागेसाठी एका फाइलमध्ये नाव, प्रकार, आजीनं सांगितलेली एखादी ओळ आणि जागेचे दोन आकडे लिहायचे.

रविवारी दुपारी ती फाइल नकाशावर चढवली आणि सगळं गायब! हैदराबादवर एकही टाचणी नाही. नकाशा लहान लहान करत गेलो, भारत ओलांडला, युरोप ओलांडला, आणि पार वर उत्तर ध्रुवाकडे सगळ्या टाचण्या एकमेकींना चिकटून बसलेल्या सापडल्या. नॉर्वेचा स्वालबार्ड द्वीपसमूह. चारमिनार लाँगयिअरब्येन नावाच्या गावापासून पन्नासेक किलोमीटरवर, हिमनद्यांच्या प्रदेशात उभा होता.

झालं होतं असं, की शाळेपासून आपण "अक्षांश-रेखांश" असं म्हणतो. चारमिनार १७.३६ उत्तर आणि ७८.४७ पूर्व. मी त्याच क्रमानं लिहिलं. पण जिओजेसन नावाच्या या फाइलच्या पद्धतीत आधी रेखांश लिहायचा असतो, मग अक्षांश. त्यामुळे नकाशानं ७८ हा अक्षांश समजला आणि आमचं अख्खं कोठी-गौलीगुडा ध्रुवावर नेऊन ठेवलं. आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "मे महिन्यात तिथंच ठेवा."

यावरून एक गोष्ट आठवली. मोजणीशी या शहराचं नातं फार जुनं आहे. हिंदुस्थानची त्रिकोणांनी मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्ब्टन हैदराबादेत मुक्काम ठोकून होता, आणि ज्याचं नाव पुढे शिखराला दिलं तो जॉर्ज एव्हरेस्ट १८१८ च्या अखेरीस इथंच त्याच्या हाताखाली रुजू झाला. लॅम्ब्टन १८२३ च्या जानेवारीत हैदराबादहून नागपूरकडे निघाला आणि वाटेत हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच, वर्धा जिल्ह्यात आहे. आज उप्पलला सर्वे ऑफ इंडियाची प्रशिक्षण संस्था आहे आणि बालानगरला इस्रोचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र. तिथूनच २००९ मध्ये 'भुवन' हे भारताचं स्वतःचं नकाशा-संकेतस्थळ सुरू झालं. अशा शहरात राहून आम्ही चारमिनार बर्फात नेला!

आजीच्या पायांनी

आकडे घरी बसून काढण्यापेक्षा पायी जाऊन घ्यावेत, असं ठरलं. फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी धाकटा आणि मी कुकटपल्लीहून मेट्रोनं निघालो आणि उस्मानिया मेडिकल कॉलेज स्टेशनला उतरलो. आजीला घेऊन बाबा गाडीनं थेट शाळेपाशी येणार होते.

रविवारची कोठी सकाळी आठला निवांत असते. रेसिडेन्सीच्या भिंतीकडेनं चालताना मला पहिल्यांदाच कळलं की सुलतान बाजारात एवढी मराठी वस्ती का झाली. ही इंग्रज रेसिडेंटच्या अखत्यारीतली जागा. तेव्हाचं नाव रेसिडेन्सी बाजार. निजामाच्या हद्दीत सभेला, छापखान्याला, भाषणाला जी बंधनं होती ती इथं सैल होती. त्यामुळे वकील, शिक्षक, चळवळीतली माणसं याच भागाच्या आसऱ्यानं राहिली. १९३३ मध्ये हा भाग निजामाकडे परत गेला आणि त्याचा सुलतान बाजार झाला. इथंच १९०१ मध्ये स्थापन झालेलं श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय आहे, आणि याच कोठी भागात आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय. दोन भाषांची पुस्तकं एवढ्या जवळजवळ राहत आली आहेत, हे नकाशावर दोन ठिपके ठेवल्याशिवाय माझ्या लक्षात आलं नव्हतं.

बाजारात मेट्रोच्या पुलाखाली आमचा फोन गोंधळला. फेब्रुवारी २०२० पासून इथं दुकानांच्या डोक्यावरून मेट्रो धावते. काँक्रीटखाली उपग्रहांचे संदेश नीट पोचत नाहीत, त्यामुळे फोन आम्हाला कधी या फुटपाथवर दाखवी, कधी समोरच्या दुकानात. एकाच जागी पाच मिनिटं उभं राहून तीन-चारदा आकडे घ्यायचे आणि त्यांची सरासरी काढायची, हा धडा तिथं मिळाला.

जांबागला विवेकवर्धिनीच्या फाटकाशी आजी गाडीतून उतरली. १९०७ ची ही शाळा. केशवराव कोरटकर, वामन नाईक यांच्या पिढीनं निजामी राज्यात मराठी शिक्षणासाठी केलेली धडपड म्हणजे ही संस्था. आजी फाटकाला हात लावून जरा वेळ उभी राहिली. मी म्हटलं, "आजी, आता तू शाळा सुटल्यावर जशी घरी जायचीस तशी सांग." मला वाटलं ती डावं-उजवं सांगेल. ती म्हणाली, "शाळेत येताना चढ लागायचा. जाताना उतार. दप्तर पाठीवर आदळायचं. मग विहीर, मग मारुती, मग आपलं दार."

बाबांनी गाडी हळूहळू गौलीगुड्याकडे घेतली, आम्ही बाजूनं चालत. पण पुतळीबावलीच्या पुढे आजीचं बोलणं थांबलं. विहीर नाही. मारुती आहेत, पण दोन आहेत. जुन्या बसस्टँडचं ते मोठं गोलाकार पोलादी छप्पर, अमेरिकेतून आणलेलं, तेही नाही. ५ जुलै २०१८ च्या पहाटे ते कोसळलं, आणि नशिबानं तेव्हा खाली कुणी नव्हतं. आजीनं काच वर केली. "चल, घरी जाऊ," म्हणाली. परतीच्या वाटेवर ती एक शब्द बोलली नाही. ही भेट घडवायलाच नको होती की काय, असं मला तेव्हा वाटलं.

वेलांटी कुठं बसते

नकाशाचं काम मात्र सुरू राहिलं, आणि पुढची ठेच मराठीनंच दिली. नावं अर्थातच देवनागरीत हवी होती. आम्ही आधी वापरलेलं मोफत साधन दिसायला देखणं होतं, पण त्यानं 'विवेकवर्धिनी'ची पार मोडतोड केली. पहिली वेलांटी 'व'च्या उजवीकडे जाऊन बसली आणि रफार डोक्यावर चढायचा सोडून पाय मोडलेला 'र्' होऊन शेजारी उभा राहिला. आजी म्हणाली, "हे कोणत्या इयत्तेतलं पोरगं लिहितंय?"

कारण सोपं आहे. अशी साधनं प्रत्येक अक्षराचं छोटं चित्र करून ती चित्रं एकापुढे एक मांडतात. रोमन लिपीला तेवढं पुरतं. देवनागरीत अक्षरं एकमेकांना धरून उभी राहतात, त्यांची जुळणी करावी लागते. ती जुळणी आपल्या ब्राउझरला येते, म्हणून तर आपण ऑनलाइन मराठी वाचू शकतो. मग आम्ही तळाचा नकाशा बिननावाचा ठेवला आणि लीफलेट हे साधन घेतलं. युक्रेनच्या व्लोदिमिर अगाफोन्किन यांनी २०११ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं. त्यात नावाची पाटी ब्राउझरकडून लिहून घेता येते. वेलांट्या आपापल्या जागी परतल्या.

पण लिहायचं काय? पाटीवर गौलीगुडा, आजी म्हणते गवळीगुडा, गवळ्यांची वस्ती. कोटी की कोठी? आम्ही आजीच्या तोंडचं नाव मोठ्या अक्षरांत आणि चालू नाव खाली लहान अक्षरांत ठेवलं. एक पथ्य मात्र पाळलं, ते तुम्हीही पाळा. घरगुती नावं आम्ही आपल्या फाइलमध्येच ठेवली, ओपनस्ट्रीटमॅपच्या सामायिक नकाशात घुसवली नाहीत. तिथं जे प्रत्यक्ष वापरात आहे तेच जावं.

मामाआजोबांचा फोन

अर्धवट नकाशाचा दुवा मी नांदेडला पाठवला. शाळा-ग्रंथालयं लाल, देवळं हिरवी, विहिरी तपकिरी अशी रंगवली होती. अर्ध्या तासात मामाआजोबांचा फोन. "सगळ्या टाचण्या एकाच रंगाच्या का केल्यास गं?"

मला आधी वाटलं त्यांच्या फोनचा घोळ. मग बाबा म्हणाले, "अगं, मामांना लाल-हिरवं कळत नाही. म्हणून तर त्यांची रेल्वेतली नोकरी हुकली." मी एवढी वर्षं त्यांना ओळखते आणि मला हे ठाऊक नव्हतं. लाल-हिरव्याचा हा घोटाळा पुरुषांमध्ये बऱ्यापैकी आढळतो. म्हणून नकाशा काढणारे हे दोन रंग एकमेकांसमोर उभे करणं टाळतात. आम्ही रंग बदलून निळा आणि नारिंगी केले, आणि नुसत्या रंगावर भिस्त न ठेवता आकारही वेगळे दिले. शाळेला चौकोन, ग्रंथालयाला पुस्तक, देवळाला त्रिकोण, विहिरीला वर्तुळ. अक्षरं मोठी, गडद, भोवती पांढरी कड. दूरवरून पाहिलं तर पाच-सहाच नावं दिसावीत, जवळ गेल्यावर बाकीची उमलावीत, अशी प्रत्येक पायरीची यादी केली. आजीला आणि मामाआजोबांना वाचता येईल असा नकाशा केला आणि तो आम्हालाही जास्त चांगला दिसायला लागला.

विहिरींवरून मामाआजोबा खुलले. बारव, बावडी, बावली सगळं एकच, आणि हे शहर त्यांच्या नावांनी भरलेलं आहे. पुतळीबावली, हरिबावली, अगदी माझ्या ऑफिसचं गच्चीबावलीसुद्धा! रोज काचेच्या इमारतीत जाताना आपण एका विहिरीच्या नावानं जातो, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. बन्सीलालपेठची कचऱ्यानं भरलेली बावली साफ करून डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा खुली झाली, तीही आम्ही नकाशावर घेतली. तिकडे रोहन काळे यांच्या महाराष्ट्र बारव मोहिमेनं लोकांच्या मदतीनं राज्यभरातल्या बारवा डिजिटल नकाशावर आणल्या आहेत; मामाआजोबा ती बघत बसलेले असतात. "तुमच्या विहिरींचा थर वेगळा करा," म्हणाले, "घर विहिरीवरून सापडेल."

जुना कागद, नवा उतार

२८ सप्टेंबर १९०८ ला मुसीला महापूर आला. अंदाजे पंधरा हजार माणसं गेली. गौलीगुड्यापासून जवळच, अफझलगंजला, आजच्या उस्मानिया हॉस्पिटलच्या आवारात एक चिंच आहे. त्या दिवशी दीडशेच्या आसपास लोक तिच्या फांद्यांना धरून वाचले. त्या पुरानंतरच विश्वेश्वरय्यांना बोलावणं गेलं आणि पुढे १९२० मध्ये उस्मानसागर, १९२७ मध्ये हिमायतसागर तयार झाला. पुरानंतरच्या वर्षांत, १९१२ ते १९१५ च्या सुमारास, लिओनार्ड मन यांच्या देखरेखीखाली शहराची बारकाईनं मोजणी झाली. त्या नकाशांवर गल्ल्या आहेत, घरांच्या कडा आहेत, आणि विहिरीही.

त्या जुन्या नकाशाचं डिजिटल चित्र आम्ही क्यूजीआयएस या मोफत प्रणालीत घेतलं. जुन्या कागदावर आणि आजच्या नकाशावर जे जसंच्या तसं आहे ते शोधायचं, म्हणजे रेसिडेन्सीचा कोपरा, पुलाची टोकं, जुनी मशीद, आणि एकेक जोडी जुळवत जायची. अशा दहा-बारा जोड्या झाल्या की जुना कागद ताणून-आवळून नव्यावर बसतो. शंभर वर्षांचा कागद, तो थोडा आक्रसलेला असतो. काही मीटरची चूक राहतेच. मग वरच्या थराची पारदर्शकता कमी-जास्त करायला एक सरकपट्टी ठेवली. ती ओढली की आजचे फ्लॅट विरतात आणि खालून जुनी गल्ली वर येते.

शेवटी मला आजीचं वाक्य आठवलं, येताना चढ, जाताना उतार. रस्त्यांच्या सपाट नकाशात चढ-उतार कुठून दिसणार? २००० सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अंतराळयानानं रडारनं जगाच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली होती. ती माहिती कुणालाही मिळते. त्यातून आम्ही जमिनीला हलकी सावली दिली. कोठीकडून मुसीकडे उतरत जाणारी जमीन पडद्यावर उठून आली. आजीला दाखवलं, तर तिनं बोट शाळेवर ठेवलं आणि डोळे मिटून खाली सरकवलं. डोळे उघडले तेव्हा बोट दोन गल्ल्यांच्या मध्ये होतं.

जुन्या नकाशावर त्या परिसरात विहिरींच्या खुणा एकाहून जास्त. देवळं आज दोन. एक गल्ली आजीची, एक मामाआजोबांची, आणि दोघांच्या बाजूनं बोलणारा पुरावा सारखाच. धाकटा म्हणाला, "आजीचा नकाशा आहे, आजीच्या गल्लीत टाचणी टोच, संपलं."

मला ते जमेना. टाचणीचं टोक फार बारीक असतं; ते म्हणतं, इथंच, आणि कुठंही नाही. आम्हाला जेवढं ठाऊक नव्हतं तेवढं ती ठासून सांगणार होती, आणि तेही त्या दिवशी, मामाआजोबा समोर बसलेले असताना. भूगोलाच्या पुस्तकात कच्च्या वाटेला तुटक रेषा असते, ते आठवलं. मग दोन्ही गल्ल्या कवेत घेणारं एक वर्तुळ काढलं. आत फिका नारिंगी रंग, कडेला तुटक रेषा, आणि नाव लिहिलं, 'आपला वाडा'. वर्तुळाला हात लावला की दोन आवाज ऐकू येतात. एकात आजी आपली वाट सांगते, दुसऱ्यात मामाआजोबा आपली.

त्या दिवशी

कार्यक्रमात ओवाळून झालं, जेवणं झाली, आणि आम्ही नकाशा टीव्हीवर लावला. आजीनं आपला आवाज ऐकला आणि लाजली. मग मामाआजोबांचा लागला. त्यांच्या वाटेत एक वाक्य होतं, जे मी ध्वनिमुद्रण करताना फारसं मनावर घेतलं नव्हतं, "अक्का माझं दप्तरपण घ्यायची उतारावर, मी पडायचो म्हणून."

आजी म्हणाली, "दोनदा पडलास. एकदा विहिरीपाशी."

"विहीर उजव्या हाताला होती, अक्का."

"डाव्या. तू दप्तराशिवाय चालायचास, तुला काय लक्षात राहणार."

पुढचा अर्धा तास ते दोघं टीव्हीसमोर उभे राहून भांडले. बाबांनी दोनदा खुर्च्या नेऊन ठेवल्या, कुणी बसलं नाही. १९८३ चा विषय निघाला नाही. वाडा कुठं होता तेही ठरलं नाही. रेष अजून तुटकच आहे. पण आता रविवारी सकाळी नांदेडहून फोन येतो आणि आजी टॅब मांडीवर घेऊन बसते.

तुम्हालाही असा नकाशा करायचा असेल, तर सुरुवात संगणकापासून करू नका. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाजवळ वही घेऊन बसा आणि विचारा, शाळेतून घरी कसे जायचात. मग दहाच जागा निवडा. क्यूजीआयएस वगैरे नंतर बघू. यूमॅपसारख्या मोफत साधनावर प्रोग्रॅमिंग न येताही रंग, आकार आणि मजकूर बदलता येतो. आधी रेखांश की आधी अक्षांश, ते तपासून घ्या, नाहीतर स्वालबार्डला आमची भेट होईल. लाल-हिरवं शेजारी ठेवू नका. आज लोक राहत असलेल्या घरांवर, त्यांना न विचारता, नावं टाकू नका. अख्खा भारत दाखवणार असाल तर सीमा सर्वे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणेच हवी, तो कायदा आहे.

आणि गौलीगुड्यात, दोन मारुतींच्या मध्ये, उताराला लागून असलेली विहीर तुमच्या आजी-आजोबांना आठवत असेल, तर मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात मला जरूर भेटा. ती डाव्या हाताला होती की उजव्या, एवढंच विचारायचं आहे.